जीप उंच केली, पण पुढची चाके जुळवली का?

(विद्यापीठाच्या शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवते. पेरणीचे अंतर, खताची मात्रा, पाण्याच्या पाळ्या हा माझा विषय. तेव्हा ही बाई आज जीपच्या पाट्यांबद्दल काय सांगणार, असे तुमच्या मनात येणे साहजिक आहे. पण मी शेतकऱ्याच्या घरची आहे आणि आमच्या दारात जुनी जीप उभी आहे. त्या जीपने आम्हाला जो धडा शिकवला, तो तुमच्यापैकी कोणाला पुन्हा शिकावा लागू नये, एवढाच आजचा हेतू आहे.

आमचे रान काळे, भारी. पावसाळ्यात पाणंदीची काय अवस्था होते ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. चाकोऱ्या खोल जातात, मधला वरंबा उंच राहतो आणि जीप त्या वरंब्यावर पोट टेकून बसते. २०२२ च्या पावसाळ्यात दादाने कंटाळून जीप उंच करून घेतली. मिस्त्रीने पुढच्या पाट्यांना लांब शॅकल लावले आणि मागच्या पाट्यांत एकेक जादा पाटा भरला. जीप रुबाबदार दिसू लागली. दोन दिवसांतच दादा म्हणाला, "स्टीअरिंग जरा हलके झाले आहे." हलके झाले म्हणजे चांगले झाले, असे आम्ही समजलो.

पंधरा दिवसांनी दादा आणि आप्पा बाजारात भाजी घालून परत येत होते. पुलाजवळच्या खड्ड्यात चाक आदळले आणि स्टीअरिंग असे थरथरू लागले, की दादाच्या हातात राहिना. जीप रस्ता सोडून चरात गेली. दादा वाचला. आप्पांचा उजवा हात मनगटात मोडला. त्या वर्षी रब्बीची पेरणी आप्पांनी बांधावर बसून पाहिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातात पाभर नव्हती.

पुढे आमच्या कृषी अभियांत्रिकीच्या सहकाऱ्यांना मी ती जीप दाखवली. मोजमाप केले तेव्हा दोन गोष्टी कळल्या. पहिली, पुढच्या चाकांना सरळ ठेवणारा कोन जवळजवळ शून्यावर आला होता. दुसरी गोष्ट जास्त बोचली. ज्या वरंब्यासाठी हा खटाटोप केला, त्या वरंब्याला घासणारा भाग एक मिलिमीटरही वर उचलला गेला नव्हता.

उंची वाढली म्हणजे नेमके काय वाढले?

हा मुद्दा आधी नीट समजून घ्या. खर्च करण्यापूर्वी तो कळला, तर निम्म्या लोकांचा खर्च वाचेल.

जीपच्या पुढे व मागे एकेक एक्सल असतो. त्याच्या पोटात डिफरन्शियलचा गोळा असतो आणि साधारणतः तोच जमिनीपासून सर्वांत खाली लोंबतो. पाटे उंच केल्याने चासी आणि बॉडी वर जाते. एक्सल मात्र चाकांवरच बसलेला असतो, तो जागचा हलत नाही. म्हणजे बंपर, फूटबोर्ड, चासीचे पोट उंच झाले, पण गोळा तिथेच राहिला.

गोळा वर उचलायचा तर टायर मोठा लागतो. तिथेही हिशेब अर्धा आहे. टायरचा व्यास ५ सें.मी. ने वाढला, तर गोळा २.५ सें.मी. वर जातो. पाटे उंच करण्याचा खरा उपयोग म्हणजे मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा करून देणे, आणि ओढा चढता-उतरताना नाक व शेपूट घासू न देणे. तुमची अडचण यांपैकी कोणती आहे ते आधी ठरवा. नुसत्या मधल्या वरंब्याची अडचण असेल, तर पाटे हे त्यावरचे औषध नाही.

एक कोन बदलला की पाच कोन बदलतात

ट्रॅक्टरच्या नांगराची टॉप लिंक तुम्ही सगळेच फिरवता. ती दोन आटे आवळली, की फाळ जमिनीत घुसतो आणि सैल केली, की वर येतो. लिंक एकच फिरवली, पण नांगराचा सगळा कल बदलला. जीपचा पुढचा एक्सल असाच आहे. तो पाट्यांना बांधलेला असतो. पाट्यांचा कल बदलला, की एक्सलचा कल बदलतो, त्याबरोबर किंगपिनचा, स्टीअरिंगच्या दांड्यांचा आणि प्रोपेलर शाफ्टचाही.

म्हणून उंची वाढवणे हे अर्धे काम आहे. पुढची चाके पुन्हा जुळवणे हे उरलेले अर्धे. बाजारात उंची वाढवण्याचा तयार संच मिळतो, त्याला लिफ्ट किट म्हणतात. त्या खोक्यात पहिले अर्धे काम असते, दुसरे बहुधा नसते. ते क्रमाने कसे करावे, हे आता पाहू.

१. आधी ढिलाई काढा

जीप उचलून पुढची चाके अधांतरी करा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका, चासीखाली भक्कम स्टँड द्या आणि मागच्या चाकांना दगड लावा. चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखड जाणवली, तर किंगपिनची किंवा चाकाची बेअरिंग सैल आहे. आता चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. इथे खेळ असेल, तर टाय रॉडचे एंड बघा. पाट्यांचे व शॅकलचे बुश आणि स्टीअरिंग बॉक्सचे बोल्ट तपासा.

झिजलेले भाग तसेच ठेवून चाके जुळवणे म्हणजे फुटक्या पाइपलाइनवर पाण्याची पाळी ठरवण्यासारखे आहे. आज मोजलेले उद्या टिकणार नाही. उंची वाढवण्यापूर्वी जी ढिलाई खपून जात होती, ती नंतर खपत नाही. आमच्या जीपच्या टाय रॉडचा एक एंड झिजलेला होताच. कास्टर शाबूत होता तोवर त्याने दगा दिला नव्हता.

२. उंची वाढवण्यापूर्वी वहीत नोंद करा

माती परीक्षण न करता खत देऊ नका, असे आम्ही तुम्हाला वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. तोच नियम इथे लावा. सपाट जागेवर, चारही टायरांत योग्य हवा भरून पुढील मापे लिहून ठेवा.

अ) प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधील हवेचा फरक त्यात मिसळतो.

आ) पुढच्या एक्सलच्या बैठकीचा कल. पाटा आणि एक्सल जिथे यू-बोल्टने एकत्र बांधलेले असतात, तिथल्या सपाट पत्र्यावर पुढे-मागे दिशेने कोन मोजावा. मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन त्याच्या मध्यबिंदूला दोरा आणि दोऱ्याला नट बांधला, की ओळंबा तयार होतो. मोबाईलमधील कोन मोजण्याची सोयही चालते.

इ) पुढच्या दोन चाकांतील अंतर, पुढच्या बाजूने आणि मागच्या बाजूने.

ई) गाडी सरळ धावत असताना स्टीअरिंगचा दांडा कुठे असतो.

ही चार मापे अर्ध्या तासात होतात. आमच्याकडे ती नव्हती. म्हणून काय बिघडले हे शोधायला आठ दिवस गेले.

३. कास्टर: चाकाला सरळ ठेवणारा कोन

सायकलचा पुढचा चिमटा बाजूने पाहा. तो सरळ उभा नसतो, वरचे टोक सीटकडे कललेले असते. त्यामुळे हँडल सोडले तरी सायकल काही अंतर सरळ जाते. जीपच्या किंगपिनलाही असाच मागे कल दिलेला असतो. याला कास्टर म्हणतात. वळण घेतल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ येते ते याच कोनामुळे. विलिस धर्तीच्या जुन्या जीपमध्ये, म्हणजे ज्या गाडीची जोडणी आपल्याकडे मुंबईत सुरू झाली त्या घराण्यात, हा कोन साधारण ३ अंश असतो. तीन अंश म्हणजे फार नव्हे. ते गमवायला वेळ लागत नाही.

हिशेब करून पाहा. पाट्याच्या दोन डोळ्यांतील अंतर ९५ सें.मी. धरू. बऱ्याच जीपमध्ये पुढच्या पाट्याचे शॅकल पुढच्या टोकाला असते. तिथे ५ सें.मी. जास्त लांबीचे शॅकल लावले, तर पाट्याचा पुढचा डोळा तेवढा खाली जातो. एक्सल पाट्याच्या साधारण मध्यावर असल्याने गाडी उचलली जाते फक्त २.५ सें.मी. आणि पाट्याचा कल बदलतो सुमारे ३ अंश, तोही उलट्या दिशेने. किंगपिनचे वरचे टोक पुढे येते. म्हणजे एक इंच उंचीसाठी सगळा कास्टर गेला. आमच्या जीपचे नेमके हेच झाले होते. त्यात मागचे पाटे उंच करून पुढे झुकाव आणखी वाढवला होता. दादाला स्टीअरिंग "हलके" वाटले ते याचमुळे. हलके झालेले स्टीअरिंग ही सोय नव्हती, ती सूचना होती.

उपाय असे:

अ) पुढे लांब शॅकल लावून उंची वाढवणे टाळावे. पाट्यांना पुन्हा बाक देऊन घेणे किंवा योग्य जाडीचा जादा पाटा भरणे बरे. यात पाटा दोन्ही टोकांनी सारखा उचलला जातो, कल फारसा बदलत नाही. मात्र जादा पाट्याने गाडी कडक होते, हे गृहीत धरावे.

आ) पुढे-मागे सारखी उंची ठेवावी. दोन एक्सलमध्ये २४० सें.मी. अंतर असलेल्या गाडीत फक्त मागची बाजू ५ सें.मी. उचलली, तर सुमारे १.२ अंश कास्टर कमी होतो.

इ) कास्टर कमी झालाच असेल, तर पाटा आणि एक्सलची बैठक यांच्यामध्ये पोलादी पाचर बसवून तो परत मिळवता येतो. पाटा एक्सलच्या खालून जात असेल, तर पाचरीची जाड बाजू पुढे ठेवावी. पाटा एक्सलच्या वरून जात असेल, तर जाड बाजू मागे. पाचरीला सेंटर बोल्टसाठी भोक हवे आणि यू-बोल्ट पुरेसे लांब हवेत. लाकडाची किंवा पत्र्याचे तुकडे रचून केलेली पाचर कदापि वापरू नये.

ई) पाचरीलाही मर्यादा आहे. कास्टर वाढवण्यासाठी एक्सल फिरवला, की डिफरन्शियलचे तोंड खाली वळते आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो. एक सुधारायला गेले की दुसरे बिघडते. म्हणून उंची जेवढी कमी वाढवाल, तेवढी ही ओढाताण कमी.

पुढच्या एक्सलवर पाट्याखाली ठोकळे घालून उंची वाढवू नये. ब्रेक लावताना एक्सल पिळला जातो आणि ठोकळा निसटण्याचा धोका असतो.

४. ड्रॅग लिंक आणि स्टीअरिंगचा मध्य

स्टीअरिंग बॉक्सच्या हातापासून चाकाकडे जाणारी दांडी म्हणजे ड्रॅग लिंक. तिचे एक टोक चासीबरोबर वर जाते, दुसरे चाकापाशीच राहते. त्यामुळे दांडी तिरपी होते. समजा, ती ८० सें.मी. लांब आहे आणि दोन टोकांच्या उंचीत ८ सें.मी. फरक होता. गाडी ५ सें.मी. उचलल्यावर तो १३ सें.मी. झाला. दांडीची आडवी पोहोच सुमारे साडेसहा मि.मी. ने घटली. तेवढे चाक वळले आणि रस्त्यावर सरळ जाताना स्टीअरिंग वाकडे दिसू लागले.

इथे एक सोपी पण चुकीची पळवाट आहे. ती म्हणजे स्टीअरिंगचे चाक काढून सरळ बसवणे. तसे करू नये. स्टीअरिंग बॉक्सची रचना अशी असते, की मध्यभागी खेळ सर्वांत कमी राहतो. ड्रॅग लिंकची लांबी आट्यांवर फिरवून बॉक्स मध्यावर असताना चाके सरळ येतील, असे जुळवावे आणि लॉक नट आवळावा. काही जुन्या जीपमध्ये ही दांडी आडवी न जाता पुढे-मागे जाते. तत्त्व तेच.

दांडी फार तिरपी राहिली, तर प्रत्येक खड्ड्याला गाडी स्वतःच वळते. हात स्थिर असूनही नाक डावी-उजवीकडे मारते. यावर उपाय म्हणजे त्या गाडीसाठी बनवलेला, खाली वाकलेला पिटमन आर्म बसवून दांडी आडवी करणे. जुना आर्म तापवून वाकवणे किंवा कापून वेल्डिंग करणे हा जिवाशी खेळ आहे. पोलाद तापवल्यावर त्याचे पाणी उतरते, हे विळा-कोयत्यावरून तुम्हाला माहीतच आहे.

५. टो-इन: घरी करण्याजोगे मोजमाप

वरून पाहिले असता पुढच्या दोन चाकांची पुढची तोंडे किंचित आत वळलेली असतात. हाच टो-इन. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांची रुंदी बदलल्यावर तो पुन्हा जुळवावा लागतो, हे अनेकांना ठाऊक आहे. सलग एक्सलच्या जीपमध्ये नुसत्या उंचीने टो-इन फार बदलत नाही, पण पाचर घातली, टाय रॉडचा एंड बदलला, की तपासलाच पाहिजे. हे काम कास्टर आणि ड्रॅग लिंकनंतर, शेवटी करावे.

मोजण्याची रीत:

१) पुढची चाके उचलून टायरच्या मध्यावर गोलभर खडू लावा. लाकडाच्या ठोकळ्यात खिळा ठोकून तो स्थिर धरा आणि चाक फिरवा. खडूत बारीक रेघ उमटेल. दोन्ही चाकांवर अशी रेघ करा.

२) गाडी खाली उतरवा. स्टीअरिंग सरळ ठेवून गाडी तीन-चार मीटर पुढे ढकला आणि थांबवा. मागे ढकलू नका, नाहीतर दांड्यांचा खेळ उलट बाजूला जातो.

३) चाकाच्या मध्याच्या उंचीवर, मागच्या बाजूने दोन रेघांतील अंतर मोजा. नंतर तेवढ्याच उंचीवर पुढच्या बाजूने मोजा. मागचे माप वजा पुढचे माप म्हणजे टो-इन.

४) विलिस धर्तीच्या जीपला तो साधारण १ ते २.५ मि.मी. असतो. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा प्रमाण मानावा.

५) टाय रॉड एक्सलच्या मागे असेल, तर तो लांब केल्याने टो-इन वाढतो. पुढे असेल, तर लांब केल्याने कमी होतो. फिरवून झाल्यावर लॉक नट आवळा, गाडी पुन्हा पुढे ढकला आणि पुन्हा मोजा.

काही मिलिमीटरचे एवढे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. ७० सें.मी. व्यासाच्या टायरला टो-इन ६ मि.मी. चुकला, तर प्रत्येक चाक एक किलोमीटर चालताना सुमारे ४ मीटर आडवे घासत जाते. तालुक्याला वीस किलोमीटर जाऊन आलात, तर जाऊन-येऊन १६० मीटर रबर डांबरावर खरवडले. नवे टायर एका हंगामात का संपले, त्याचे उत्तर इथे आहे.

टॉर्शन बार असलेल्या गाड्या

सगळ्याच गाड्यांना पुढे पाटे नसतात. २०१० साली आलेल्या थारच्या डिझेल सीआरडीई प्रकारात पुढे टॉर्शन बार होता. २०२० च्या नव्या थारला पुढे गोल स्प्रिंग आली. टॉर्शन बारच्या गाडीत एक बोल्ट आवळला, की पुढची बाजू वर येते. किट नको, खर्च नको, म्हणून हा मोह फार होतो. पण यात स्प्रिंग मोठी होत नाही. चाकाला खाली जाण्याची जी मोकळीक होती, ती खर्च होते. बॉल जॉइंट आणि एक्सलचे जॉइंट तिरपे राहतात, चाकांचा उभा कल आणि टो दोन्ही बदलतात.

बोल्ट फिरवायचाच असेल, तर चाक उचलून बारवरचा भार काढूनच फिरवावा. दोन्ही बाजूंना थोडे-थोडे करत उंची मोजत जावे. प्रत्येक वेळी गाडी खाली उतरवून पुढे-मागे चालवावी, म्हणजे ती बसते आणि खरे माप मिळते. अशा गाडीचे अलाइनमेंट घरी होत नाही. त्याच दिवशी यंत्रावर करून घ्यावे.

रस्त्यावर नेण्यापूर्वी

१) ब्रेकची रबरी नळी: चासी उचलून चाके पूर्ण लोंबू द्या आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. नळी ताणली गेली, तर लांब नळी बसवल्याशिवाय गाडी हलवू नका.

२) शॉक अॅब्सॉर्बर: चाक लोंबताना शॉक अॅब्सॉर्बर पूर्ण ताणला जाऊन अडता कामा नये.

३) मागचा ब्रेक: काही पिकअपमध्ये भारानुसार मागच्या ब्रेकचा जोर कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू उंच झाली, की गाडी रिकामी आहे असे तो समजतो आणि भरल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी देतो. त्याची दांडी नव्या उंचीला जुळवून घ्या.

४) शॅकलचे बोल्ट: रबरी बुश असतील, तर बोल्ट शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उभी असतानाच करावे. अधांतरी आवळल्यास बुश कायमचे पिळलेले राहतात आणि फाटतात.

५) यू-बोल्ट: पहिल्या १०० कि.मी. नंतर आणि पुन्हा ५०० कि.मी. नंतर आवळावेत. नवे पाटे बसतात आणि बोल्ट सैल पडतात.

६) दिवे: नाक वर गेले, की झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दिवे खाली वळवून घ्या.

७) पहिली चाचणी रिकाम्या गाडीने, दिवसा, मोकळ्या रस्त्यावर आणि कमी वेगात करा. त्या दिवशी घरच्यांना सोबत नेऊ नका.

लक्षणावरून निदान

पिकाचे पान पाहून आपण रोग ओळखतो, तशी गाडीही सांगत असते.

- वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही, गाडी रस्त्यावर भटकते: कास्टर कमी.
- खड्ड्यावर नाक एका बाजूला झटका घेते: ड्रॅग लिंक तिरपी.
- टायरवरून हात बाहेरून आत फिरवताना गुळगुळीत, आतून बाहेर फिरवताना धार लागते: टो-इन जास्त. उलट असेल, तर टो-इन कमी.
- खड्ड्यानंतर चाके थरथरत राहतात: टाय रॉडचे एंड, किंगपिनची बेअरिंग, चाकांचे बॅलन्सिंग आणि कास्टर, चारही तपासा. गाडी हळूहळू थांबवा, तशीच पुढे नेऊ नका.
- वेग घेताना-सोडताना खालून घरघर येते: प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडला.

कायदा आणि तोल

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील मूळ बनावटीपेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर स्पष्ट निर्णय दिला आहे. गाडीला हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारा. अपघात झाल्यावर विम्याच्या वेळी हीच गोष्ट आडवी येऊ शकते.

दुसरे, गाडी उंच झाली, की तिचा भारमध्य वर जातो. त्यावर कडब्याच्या पेंढ्या किंवा टोमॅटोचे क्रेट रचले, की तो आणखी वर जातो. घाटातल्या वळणावर पूर्वीचा वेग आता चालत नाही.

शेवटी

आप्पांचा हात बरा झाला, पण पूर्वीसारखी मूठ वळत नाही. दादाने लांब शॅकल काढून मूळचे लावले, मागचे जादा पाटे उतरवले, टाय रॉडचे दोन्ही एंड बदलले आणि कास्टर पूर्ववत करून घेतला. पाणंदीचा प्रश्न मात्र उरलाच होता. तेव्हा मी माझ्या विषयाकडे वळले. भारी काळ्या मातीतली चिकणमाती पाणी धरून फुगते आणि भार पेलण्याची तिची ताकद संपते. उपाय पाणी काढून देण्याचा आहे. आम्ही शेजाऱ्यांना बरोबर घेऊन पाणंदीच्या दोन्ही कडांना चर काढले, मधला वरंबा फोडला, चाकोऱ्यांत दगड आणि वर मुरूम भरून मध्ये थोडा फुगीर आकार दिला. आज तीच जीप, तीच उंची, आणि पोट टेकत नाही.

तुमची वाट ओढ्यातून, डोंगरातून जात असेल आणि गाडी उंच करणे खरोखर गरजेचे असेल, तर परवानगीत बसेल तेवढे करा. पण आधी मोजा, थोडेच उचला, क्रमाने जुळवा आणि पुन्हा मोजा. मिस्त्रीला "उंच करून द्या" एवढेच सांगू नका. "कास्टर किती होता आणि आता किती आहे?" असे विचारा. उत्तर मिळाले नाही, तर किल्ली त्याच्या हातात देऊ नका.